परक्यांची फी

विद्यापीठाने भिंगरीला परकी ठरवलं, ही बातमी घरात सगळ्यात आधी मामीला कळली. मामीला कळली म्हणजे मग ती खाली कवळ्यांच्या कारखान्यात, गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात आणि दूधवाल्यापर्यंत पोचली, हे सांगायला नको. रविवारी दुपारी सगळे जेवायच्या टेबलाशी जमले, तोवर बाहेरच्यांचं हळहळून झालं होतं. घरच्यांचं भांडण तेवढं बाकी होतं.

"मला एक कळत नाही," तात्या म्हणाले. "पोरगी इथे जन्मली. पासपोर्ट इथला. मग ती परकी कशी होईल?"

तात्यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं आणि तोंडात स्वतःचे दात सगळेच्या सगळे शाबूत होते. कवळ्या करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही जाहिरात समजायची की बदनामी, यावरून कारखान्यात कायम दोन तट असत.

"तात्या, पासपोर्ट वेगळा आणि राहणं वेगळं," मामा म्हणाला. कारखाना आता तोच बघायचा, त्यामुळे समजावून सांगायचं खातं त्याच्याकडे होतं. "कोर्स सुरू व्हायच्या आधीची तीन वर्षं तुमचं घर कुठे होतं, ते बघतात ते लोक. आपली भिंगरी नऊ वर्षं आईबापाबरोबर तिकडे परदेशात. नागरिक असली तरी राहणारी नाही. म्हणून परक्यांची फी. इथल्यांच्या चौपट."

"चौपट," मामीने शब्द तोंडात घोळवला. "आणि पाच वर्षं."

"त्यात एक सवलत असते," भिंगरी म्हणाली. तिने नियम इतक्यांदा वाचले होते की आता तिला ते पाठ होते. "आईवडील तात्पुरत्या कामासाठी बाहेर असले आणि इथलं घर तसंच ठेवलं असलं, तर बाहेरची वर्षंसुद्धा इथलीच धरतात. पण बाबा तिकडे पर्मनंट आहे ना. त्यामुळे ते आपल्याला लागू नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाबाने मात्र ताटातली भाकरी मोडून तिचे उगाच चार तुकडे केले.

तो नऊ वर्षांपूर्वी या कारखान्यातून उठला, तेव्हा काय काय बोललं गेलं ते टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना आठवत होतं. प्लास्टरचा जबडा त्याच्या हातून तिसऱ्यांदा फुटला होता. तात्यांनी बारा कामगारांसमोर सांगितलं होतं, "जावईबापू, तुमच्या हातात स्थैर्य नाही. एका खुर्चीत वर्षभर बसून दाखवा, मग बोलू." तो बसला नाही. तो लिफ्ट बसवायला शिकला आणि बायको-पोरीला घेऊन परदेशी गेला. तिसऱ्या वर्षी तिकडून फोन आला, पर्मनंट झालो. त्या दिवशी तात्यांनी आख्ख्या कारखान्याला चहा पाजला. तेव्हापासून या घरात जावयाचं नाव निघालं की मागोमाग पर्मनंट हा शब्द निघायचा.

"मग ठरलं," मामाने टेबलावर हात आपटला. "मी भरतो. चौपट तर चौपट. मागची जागा तशीही पडून आहे, ती विकून टाकू. अट एकच. पाच वर्षांनी पोरीचा दवाखाना आपल्याच दारात. पुढे ती पेशंट बघेल, मागे आम्ही कवळ्या करू. घरचा धंदा घरात."

"मामा, मला दात वाचवायचेत," भिंगरी म्हणाली. "काढायचे नाहीत."

"वाचव की," तात्या म्हणाले. "फक्त सगळ्यांचे वाचवलेस तर आम्ही काय खायचं, तेवढं सांगून ठेव."

हशा झाला, पण भिंगरी हसली नाही. तिला दुसऱ्या शहरात, मुलांच्या दातांच्या इस्पितळात काम करायचं होतं. हे तिने मागच्या सुट्टीत तिथे तीन आठवडे फुकट राबून ठरवलं होतं. मामाच्या पैशाने शिकलं की मामाच्या दारात बसावं लागेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नाही म्हणावं, तर शिकणंच राहील.

"आणि आपल्या दोघांचं काय?" मामीने नवऱ्याला विचारलं. तिची दोन मुलं आत टीव्ही बघत होती. "त्यांना काय कवळ्या घालून शाळेत पाठवायचं? मागची जागा त्यांच्यासाठी आहे, असं मागच्याच महिन्यात ठरलं होतं."

"वहिनी, मी एकेक पैसा फेडीन," बाबा म्हणाला. "दादा देतायत, तर घेऊ."

मामीने पुढचं भांडण आवरतं घेतलं. पैशाच्या विचारात नव्हती ती. या माणसाने नऊ वर्षांत या घरातून पावसात छत्रीसुद्धा उसनी नेली नव्हती. सुट्टीला आला की स्वतःचा साबण घेऊन यायचा. तो एका वाक्यात एवढं घ्यायला तयार झाला, तेव्हा मामीला काहीतरी खटकलं. खटकलेली गोष्ट तशीच सोडून द्यायची तिला सवय नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आईने खिडक्या उघडल्या. लग्नातला पलंग, भिंगरीची घडीची छोटी खाट, शिलाई मशीन, भिंतीवर उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या खुणा, सगळं होतं तिथे होतं. दरवर्षी सुट्टीत महिनाभर येऊन राहायचं आणि जाताना कुलूप लावायचं, असा शिरस्ताच पडला होता.

"उद्या विद्यापीठात फीची सुनावणी आहे," आई म्हणाली. "सांगायचं ना आता?"

बाबा खाटेच्या बिजागरीत तेल घालत बसला होता. हाताला काम असलं की त्याला बोलणं टाळता यायचं.

"काय सांगायचं?"

"अहो, माझ्यासमोर तरी नको."

त्याने तेलाची बाटली खाली ठेवली. "तात्यांनी कारखान्याला चहा पाजला होता गं. बारा माणसं होती. त्यातले नऊ अजून आहेत."

"मला माहितीये किती आहेत. फोन तुम्ही केला होतात, शेजारी मी उभी होते. तेव्हाच म्हटलं होतं, साहेबांनी नुसतं 'बघू' म्हटलंय, 'केलं' नाही म्हटलं."

"मला वाटलं, महिन्याभरात करतील."

"आणि केलं नाही. सहा वर्षं झाली. मी एका अक्षराने बोलले नाही, कारण तो तुमचा मान होता. दर इमारत संपली की पंधरा दिवस घरात बसायचात, पोरीला सांगायचात सुट्टी आहे. मीही तेच सांगितलं. पण आता तुमच्या मानाची फी पोरीने भरायची? तीसुद्धा चौपट?"

"फॉर्म भरताना तात्या शेजारी बसले होते," तो म्हणाला. "मी पेन उचललं, आणि ते म्हणाले, पुढे पर्मनंट लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. त्यांच्यासमोर मी काय लिहिणार होतो?"

आईला हसू आलं आणि रडूही. ती खाटेवर त्याच्या शेजारी बसली, तशी खाट कुरकुरली.

"उद्या तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलेन," ती म्हणाली. "आणि मी बोलायला लागले की मला मधे थांबता येत नाही. मग साबणापासून सगळं निघेल."

दाराशी काहीतरी पडलं. धुतलेल्या चादरींचा ढीग होता, आणि त्याच्यामागे मामी.

"मी काही ऐकलं नाही," मामी म्हणाली. मग आत येऊन, दार लावून, पलंगावर बसली. "भावोजी, तुम्ही कंत्राटावर आहात? खरंच? नऊच्या नऊ वर्षं?"

बाबाने होकारार्थी मान हलवली.

"अगं बाई, किती छान झालं," मामी म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला की आईलाही राग येईना. "म्हणजे सवलत लागू. म्हणजे मागची जागा राहिली. असं तोंड पाडून काय बसलात?"

"वहिनी, तात्यांना काय वाटेल…"

"तात्यांना वाटू द्या. माझा नवरा पर्मनंटच आहे ना? बापाच्या खुर्चीत. त्यात त्याचं काय कर्तृत्व ते मला लग्नाला सतरा वर्षं झाली तरी सापडलेलं नाही." ती उठली, चादरी गोळा केल्या. "उद्या सकाळपर्यंत मी तोंड उघडणार नाही. याच्यापेक्षा जास्त माझ्याकडून मागू नका."

आणि तिने खरोखरच उघडलं नाही. रात्रीच्या जेवणाला मामी इतकी गप्प होती की मामाने दोनदा विचारलं, दाढ दुखतेय का.

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. टेबल एक, त्याच्या पलीकडे फी विभागाच्या बाई, अलीकडे खुर्च्या दोन. भिंगरीच्या मागून एकेक जण आत येत गेला तशा बाई चष्म्यावरून बघत राहिल्या.

"इतके सगळे?"

"आम्ही असेच येतो," तात्या म्हणाले, आणि पहिल्या खुर्चीत बसले.

बाहेरून आणखी खुर्च्या आल्या. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, पाठ केलेलं भाषण घेऊन आला होता. "मॅडम, आमचं कुटुंब या शहरात तीन पिढ्या दातांच्या सेवेत…" इथवर तो पोचला आणि बाईंनी हात वर केला.

"ते कौतुकाचं आहे, पण मला दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत. या मुलीच्या वडिलांचं बाहेरचं काम तात्पुरतं होतं का. आणि या सगळ्या काळात यांचं घर इथेच होतं का. तुमच्या अर्जात वडिलांची नोकरी पर्मनंट लिहिली आहे. बऱ्याच मोठ्या अक्षरात. तसं असेल तर आपण सगळे इथे उगाच बसलोय."

भिंगरी बाबाच्या शेजारी बसली होती. तिला वाटलं होतं, तो मान हलवेल आणि मग निघायचं. परक्यांची फी, मामाचे पैसे, मामाच्या दारातला दवाखाना. काल रात्रीपासून ती स्वतःला समजावत होती की तेही काही वाईट नाही. पण बाबाने मान हलवली नाही. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि तो त्यांच्याकडेच बघत होता. मग त्याने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडे बघून नुसती बसली होती, पण तिने पर्स मांडीवर घेऊन चेन अर्धी उघडली होती.

"ते खोटं आहे," बाबा म्हणाला.

मामाने मान वळवली. तात्या समोरच बघत राहिले.

"मी लिफ्ट बसवतो. एका इमारतीचं काम मिळतं, दहा-अकरा महिन्यांचं. लिफ्ट बसवायची, चाचणी द्यायची. चाचणी पास झाली, लिफ्ट चालू झाली, की त्याच दिवशी माझं काम संपतं. तिकडे राहायची परवानगीही त्या कामापुरतीच. मग दुसरी इमारत शोधायची. मिळाली तर राहायचं, नाही तर परत यायचं. नऊ वर्षं असंच चाललंय. पर्मनंट मी एक दिवससुद्धा नव्हतो." तो थांबला. पुढचं त्याने बाईंना सांगितलं नाही. "तात्या, मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला वाटलं होतं होईल, ते झालं नाही, आणि मग मागे घ्यायला तोंड राहिलं नाही."

आईने पर्समधून सगळे करार काढून टेबलावर ठेवले. बाई एकेक चाळायला लागल्या. पंधरा दिवसांच्या त्या सुट्ट्या भिंगरीला आठवत होत्या. बाबा तिला पोहायला न्यायचा, पतंग उडवायला न्यायचा, दर वेळी म्हणायचा, साहेबांनी खूश होऊन सुट्टी दिलीय. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं. तिला त्याचा राग यायला हवा होता. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की तिने सगळ्यांसमोर त्याचा हात धरला.

"काम तात्पुरतं होतं, हे दिसतंय," बाई म्हणाल्या. "आता घर. इथे तुमचं घर होतं?"

"दोन खोल्या आहेत, माझ्या वडिलांच्या घरात," आई म्हणाली. "आम्ही त्या तशाच ठेवल्या."

बाईंनी सुस्कारा सोडला. "ताई, या खुर्चीत बसणारं प्रत्येक माणूस हेच सांगतं. खोली होती म्हणजे काय? नातेवाइकांकडे पाहुणे म्हणून उतरलं की ते घर होत नाही. त्या खोल्या तुमच्याच होत्या, दुसरं कोणी वापरत नव्हतं, हे कशावरून?"

"कशावरून?" मामी म्हणाली.

कालपासून कोंडलेलं सगळं त्या एका शब्दात होतं. मामाने तिच्या कोपराला हात लावला, तो तिने झटकला.

"मला विचारा कशावरून. नऊ वर्षं मी त्या कुलपाकडे बघतेय. माझी दोन मुलं स्वयंपाकघरात ओट्याशी बसून अभ्यास करतात आणि वर दोन खोल्या रिकाम्या. मी म्हटलं, पोरांना द्या. नाही. म्हटलं, भाड्याने तरी द्या, चार पैसे येतील. नाही. का, तर म्हणे आम्ही परत येणार. दरवर्षी परतच येणार. सुट्टीला यायचं, महिनाभर पसरायचं, जाताना कुलूप. खाट हलवायची नाही, मशीन हलवायचं नाही. भिंतीवर पोरीची उंची लिहिलीय म्हणून रंगसुद्धा लावू दिला नाही. आणि पडदे कोण धुणार? मी. यावरून आमचं तीन वर्षं बोलणं बंद होतं, विचारा यांना."

बाईंचं पेन थांबलं होतं. "खरंय का हे?"

"बोलणं बंद होतं, हो," आई म्हणाली. "पण तीन नाही, दोन वर्षं."

"तीन," मामी म्हणाली. "पहिलं वर्ष तुमच्या लक्षातच आलं नव्हतं, वन्सं."

तात्यांच्या तोंडून कसलासा आवाज आला. ते हसत होते की खोकत होते ते कळलं नाही.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही इतक्यांदा मागूनही खोल्या तुम्हाला मिळाल्या नाहीत, कारण ते त्यांचं घर होतं."

"तेच तर माझं दुखणं आहे."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. "मॅडम," त्या मामीला म्हणाल्या, "आमचं घर इथेच होतं असं सांगायला लोक शेजारी आणतात, पोस्टमन आणतात. त्या घरावरून भांडलेलं माणूस आजवर कोणी आणलं नव्हतं. याच्यापेक्षा चांगला साक्षीदार मला मिळणार नाही."

मामी जरा गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं की ती जिंकली आहे, आणि तिने पदर नीट केला.

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. फार वेळ लागला नाही. परत आल्या तेव्हा उभ्याउभ्याच म्हणाल्या, "अर्ज मान्य. ही मुलगी या वर्षांत इथलीच होती असं धरलं जाईल. फी इथल्यांचीच, पाचही वर्षं. खाली खिडकीवर जाऊन नोंद बदलून घ्या."

भिंगरी उडी मारून उठली, तिची खुर्ची मागे पडली, आणि तिने सगळ्यात आधी मिठी मारली ती मामीला. मामीला पोरीची मिठी नवीन होती. "बरं, बरं," ती म्हणाली, "खोल्यांचं मात्र अजून ठरलेलं नाही." पण तिने पोरीला सोडलं नाही. मामा बाबाच्या पाठीत थापा मारत होता आणि मागची जागा वाचली याचाही हिशेब न करता नुसता हसत होता.

तात्या बाहेरच्या लांब व्हरांड्यात जाऊन उभे होते. बाबा त्यांच्यापाशी गेला. कठड्याला हात टेकून तोही उभा राहिला. बाकीचे चार पावलं मागे थबकले.

"नऊ इमारती?" तात्यांनी विचारलं.

"नऊ."

"सगळ्या लिफ्ट चालू आहेत?"

"एकीचीही तक्रार आली नाही, तात्या."

तात्यांनी मान हलवली. खाली मैदानात मुलामुलींचे घोळके चालले होते. "मी पन्नास वर्षं एका खुर्चीत बसलो," ते म्हणाले. "उद्या काम असेल की नाही, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तुम्हाला तो दरवर्षी पडला. तरी पोरीच्या पोटाला कमी पडलं नाही, शाळेला कमी पडलं नाही. स्थैर्य नाही म्हणालो होतो मी. चुकलो, जावईबापू. बारा माणसांसमोर बोललो होतो, त्यातले नऊ अजून आहेत. आज घरी गेलो की त्यांच्यासमोर सांगतो."

"नको तात्या, कशाला…"

"चहाही पाजतो," तात्या म्हणाले. "तेव्हाचा चुकीच्या कारणासाठी झाला."

बाबाने तोंड फिरवलं. आईने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि या वेळी त्याने डोळे पुसले ते सगळ्यांना दिसतील असे पुसले.

खाली खिडकीपाशी रांग होती. आपापले आईवडील घेऊन आलेली मुलं, हातात कागद, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. भिंगरीचा नंबर आला तेव्हा घरचे सगळे तिच्या मागे दाटीवाटीने उभे राहिले. खिडकीतल्या माणसाने वर न बघता कीबोर्डवर बोटं चालवली.

"परकी होती ती नोंद काढली. इथली केली," तो म्हणाला. "वडिलांची माहितीही बदलायला सांगितलीय वरून. काय करतात वडील?"

भिंगरीने मागे वळून बाबाकडे पाहिलं. मग खिडकीशी वाकून, रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, "लिफ्ट बसवतात. कंत्राटावर."